पाचवा सेल

"अमर, परत तेच," केंजळेबाई म्हणाल्या. आवाज इतका खाली की मला ऐकायला वाकावं लागलं.

सोमवार होता. सव्वादहाला तीन मिनिटं कमी होती आणि ऑफिसातली सगळी डोकी आपापल्या कॉम्प्युटरच्या पडद्यांमागून आमच्याकडे वळली होती. बाईंच्या पडद्यावर नेहमीचं इंग्रजी वाक्य होतं, नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे. तीनदा टाकून झालं होतं, त्यामुळे त्यांचं खातं कुलूपबंद झालं होतं, आणि मी सर्व्हरवरून ते उघडल्याशिवाय त्यांना आत जाता येणार नव्हतं.

"बाई, रविवारी न्हाता तेव्हा पासवर्ड पण धुऊन निघतो का हो?" मी चांगलं मोठ्यानं विचारलं.

सगळे हसले. बाईही हसल्या, पदर सावरत उठल्या आणि मला खुर्ची दिली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकता डिप्लोमा झालेला. ज्या ऑफिसात साहेबसुद्धा माऊस हलेना झाला की मला हाक मारायचे, तिथं मी फार तोऱ्यात असायचो. चारचौघांत एका त्रेपन्न वर्षांच्या बाईची फिरकी घेतली याचं मला त्या दिवशी कौतुकच वाटलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी स्वतःला कितीही सांभाळून घेतलं तरी तुम्हाला माणूस कळलेला असेल.

ऑफिसचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. साताऱ्याकडचं एक सरकारी ऑफिस एवढं पुरे. तिथल्या बावीस कॉम्प्युटरच्या देखभालीचं कंत्राट आमच्या कोल्हापूरच्या मालकाकडे होतं आणि मालकानं मला तिथंच बसवलं होतं. केंजळेबाई म्हणजे इंदुमती केंजळे, आस्थापना शाखेतल्या वरिष्ठ लिपिक. लग्न केलेलं नव्हतं, आईला सांभाळण्यात वय गेलं. सगळ्या कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं आणि निवृत्तीची प्रकरणं त्यांच्या टेबलावर. कोण कधी लागला, कुणाची वेतनवाढ कधी, कुणाची किती रजा शिल्लक, सगळं तोंडपाठ. लोक कपाटापेक्षा बाईंना आधी विचारायचे.

त्या वर्षी बर्गेसाहेब बदलून आले आणि त्यांनी हजेरीचं रजिस्टर बंद केलं. सव्वादहाच्या आत कॉम्प्युटरवर लॉगिन झालं तर वेळेवर, नाही तर उशीर. ज्याचं लॉगिन होणार नाही त्याच्या नावापुढं मी कारण लिहून द्यायचं. बाईंचं लॉगिन दर सोमवारी अडायचं. मंगळवार ते शनिवार ठणठणीत, सोमवार आला की अडलंच.

मी काय करायचो ते सांगतो, कारण सगळी गोम तिथंच होती. आधी सर्व्हरवरून त्यांचं खातं उघडायचो. मग त्यांच्या मशीनवर माझ्या स्वतःच्या नावानं, ज्याला सर्व्हरला विचारावं लागत नसे, आत शिरायचो आणि पेनड्राइव्हवरची एक छोटी फाइल चालवायचो. ती फाइल मीच बनवलेली. एका टिचकीत कचरा साफ, प्रिंटर जागेवर, तारीख-वेळ सर्व्हरप्रमाणे सरळ, असलं किरकोळ सगळं ती करायची. कुठल्याही मशीनला हात लावला की पहिली ती चालवायची, ही माझी सवय. ती चालवून झाली की बाहेर पडायचो आणि बाईंना म्हणायचो, आता टाका. त्या टाकायच्या आणि लागायचं.

आता मला सांगा, मी समोर असताना लागतं आणि नसताना लागत नाही, तर चूक कुणाची? मी कारणाच्या रकान्यात लिहायचो, वापरकर्ता पासवर्ड विसरतो. एकदा लिहिलं, दोनदा लिहिलं. पुढं पुढं तर वरच्या ओळीसारखंच म्हणून दोन टिंबं द्यायला लागलो.

दिवाळीनंतर बाई बदलायला लागल्या. आधी त्यांनी पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. मग तो बघून एकेक अक्षर बोटानं दाबायला लागल्या. तरी सोमवारी अडायचंच. हाताखालून जाणारं प्रत्येक प्रकरण त्या दोनदा तपासायच्या आणि मग शेजारच्या साळुंख्यांना म्हणायच्या, एकदा तुम्ही बघता का. साळुंखे बघायचे, चूक कधीच नसायची. जगूमामा शिपाई मला म्हणाले की बाई संध्याकाळी जिना उतरून जातात आणि कपाटाचं कुलूप ओढून बघायला परत वर येतात, कधी कधी दोनदा.

जानेवारीतल्या एका सोमवारी मी त्यांचं खातं उघडून दिलं आणि निघालो, तर त्यांनी मला थांबवलं. चहा मागवला.

"अमर, मस्करी सोड आणि मला खरं सांग," त्या म्हणाल्या. "मी कागद बघून टाकते. तरी चुकतं म्हणजे काय?"

मी म्हटलं, होतं बाई, एखादं अक्षर मागं-पुढं होतं.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी दुधाचा हिशोब चुकला. मग गल्ली चुकली. शेवटी मलाच विचारायची, बाई तुम्ही कुणाच्या? आईला कळायचं नाही की चुकतंय, तिला वाटायचं बरोबरच करतेय." त्यांनी बशी कपाखाली सरकवली. "मलाही बरोबरच करतेय असं वाटतं. म्हणून विचारते. मशीनमध्ये काही नसेल ना?"

मी ते मशीन उघडून बघू शकलो असतो. दहा मिनिटांचं काम होतं. पण ऑफिसातल्या पाच जुन्या मशीनमधलं ते एक, मीच मे महिन्यात त्याची सगळी तपासणी केलेली, अहवाल मीच दिलेला. त्यात काही निघालं असतं तर ते माझ्याच अंगावर आलं असतं, एवढाही विचार मी केला नाही. मी नुसता ऐटीत बोललो.

"बाई, मशीन कधी खोटं बोलत नाही."

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी मला तो प्रश्न विचारला नाही.

फेब्रुवारीत बर्गेसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हता, उलट हळवा होता. माझी यादी समोर ठेवून त्यांनी म्हणे फार सांभाळून विचारलं की तब्येत बरी आहे ना, काम हलकं करायचं का. रागावले असते तर बाईंनी चार शब्द ऐकवले असते, पण ती काळजी त्यांच्या मनाला लागली. बाहेर आल्या त्या सरळ जागेवर बसल्या आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुजबुज सुरू झाली की बाई स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करणार. पाच वर्षं नोकरी शिल्लक होती. साळुंख्यांनी समजूत घालून बघितली. बाई त्यांना म्हणाल्या, उद्या माझ्या हातून कुणाच्या निवृत्तीची तारीख चुकली, त्याचं म्हातारपण अडलं, तर ते मी कुठं फेडू? त्यापेक्षा हातपाय धड आहेत तोवर बाजूला झालेलं बरं.

मी हे ऐकलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माझ्याशी त्याचा काही संबंध आहे असं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी जगूमामांचा फोन आला. जिन्यावरून पाय मुरगळला होता, यायला उशीर होणार होता. त्या ऑफिसात पूर्वी कधी तरी रविवारी शॉर्टसर्किट होऊन दप्तर जळालं होतं. तेव्हापासून आठवडा संपला की मामा मेन स्विच खाली ओढायचे, त्याला उदबत्ती ओवाळायचे आणि सोमवारी नऊला येऊन वर करायचे. मग सगळे कॉम्प्युटर ओळीनं चालू करून ठेवायचे, म्हणजे लोक आले की थेट लॉगिनच. हे दर सोमवारचं. त्या दिवशी मामांनी मला सांगितलं, बाळा, तू लवकर जा आणि तेवढं करून टाक.

मी मेन वर केला, उदबत्ती काही लावली नाही, आणि एकेक मशीन चालू करत गेलो. बाईंच्या मशीनला आलो. पडदा काळा राहिला. वर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत दोन ओळी. तारीख आणि वेळ हरवली आहे, पुढं जायला एफ-वन दाबा.

मी एफ-वन दाबलं नाही.

कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं एवढंच त्याचं काम. तो संपला तरी प्लगमधून वीज येतेय तोवर काही कळत नाही. वीज पूर्ण गेली की घड्याळ उलटं पळतं आणि थेट मशीन बनल्याच्या दिवसावर जाऊन बसतं. मी बघितलं, एक जानेवारी दोन हजार दोन. आणि सर्व्हरच्या आणि मशीनच्या वेळेत पाच मिनिटांच्या वर फरक पडला की सर्व्हर दार उघडत नाही, पासवर्ड कितीही बरोबर असू दे. आमच्या त्या जुन्या सिस्टीमवर कारण काहीही असलं तरी पडद्यावर वाक्य एकच यायचं, नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

आठवडाभर यूपीएसवर घड्याळ टिकायचं. शनिवारी मामा मेन पाडायचे, रविवारी घड्याळ जायचं. सोमवारी मामांना ही काळी पाटी दिसायची आणि ते एफ-वन दाबायचे. का दाबायचे? कारण कधी काळी मीच त्यांना शिकवलं होतं, मामा, काही इंग्रजी आलं की एफ-वन दाबायचं आणि पुढं व्हायचं, मला फोन नाही करायचा. मग बाई यायच्या, बरोबर पासवर्ड टाकायच्या आणि अडायच्या. मग मी यायचो, माझी फाइल चालवायचो, ती गुपचूप तारीख सरळ करायची, आणि मी म्हणायचो, आता टाका.

मी मशीन उघडलं. आत जुना काळपट सेल. मे महिन्याच्या तपासणीत पाचही जुन्या मशीनचे सेल बदलायचे होते. मालकानं चारच पाठवले. पाचवा बाजारातून आणतो म्हणून मी बाईंचं मशीन मागं ठेवलं आणि अहवालात मात्र पाच बदलले असं लिहून सही केली. उद्या आणू म्हटलं, परवा आणू म्हटलं. पुढं माझ्या ते ध्यानातून पार गेलं. त्या सगळ्या ऑफिसात विसरलेला माणूस एकच होता आणि तो मी होतो.

पहिला विचार बाईंचा आला असं सांगायला मला आवडलं असतं. पण पहिला विचार आला तो अहवालावरच्या सहीचा. मार्चअखेर कंत्राटाचं नूतनीकरण होतं, साहेब प्रत्येक कागद चाळत होते. मालकानं आदल्या वर्षी खोट्या अहवालावरून सांगलीच्या पोराला एका दिवसात घरी बसवलं होतं. घरात मिळवता मी एकटा. बॅगेत एव्हाना सुटे सेल असायचे, मी त्यातला एक काढला, बसवला, झाकण लावलं, मशीन चालू करून तारीख लावली आणि जुना सेल खिशात टाकला. मामा लंगडत आले तेव्हा मी माझ्या जागेवर होतो.

दहा वाजून पाच मिनिटांनी बाई आल्या. वही उघडली, बोटानं एकेक अक्षर दाबलं. पहिल्या झटक्यात लागलं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग मान वळवून मला शोधलं.

"आज लागलं की रे," त्या म्हणाल्या.

"वा," मी म्हणालो.

दुपारी चारच्या सुमाराला मी साहेबांच्या केबिनबाहेर प्रिंटर उघडून बसलो होतो. बाई आल्या. हातात कागद होता, घडी न घातलेला. टाइप केलेला अर्ज, खाली सही. त्या दारापाशी आल्या, थांबल्या आणि माझ्याजवळ आल्या.

"अमर, आज एकदम लागलं. काय करू? देऊ अर्ज, का थांबू थोडं?"

कुणाला विचारावं माणसानं! त्यांना भाऊ होता, साळुंखे होते. पण त्यांनी मला विचारलं, कारण त्यांच्या मते त्या यंत्रातलं मला कळत होतं. माझ्या बोटांना शाई लागली होती, मी ती फडक्याला पुसत बसलो. जुना सेल पँटच्या खिशात होता. एक वाक्य बोलायचं होतं, बाई, थांबा, चूक तुमची नव्हती. मी ते मनात बोललोसुद्धा.

"तुम्हीच ठरवा, बाई," मी म्हणालो. "मी काय सांगणार त्यात?"

"तेही खरंच," त्या म्हणाल्या आणि दार ढकलून आत गेल्या.

मी स्वतःची समजूत घातली. तीन महिन्यांची नोटीस असते, पुढचे सोमवार सुरळीत गेले की त्या आपोआप अर्ज मागं घेतील, मला तोंड उघडायची गरजच पडणार नाही. पण पुढचा सोमवार आलाच नाही. शिल्लक रजा घेऊन त्या शनिवारीच टेबल मोकळं करून गेल्या. निरोपाला मला खास बोलावलं होतं. मी कोल्हापूरला मीटिंग आहे असं सांगून गेलो नाही. कंत्राट पुन्हा मिळालं.

पुढं मी नोकरी सोडली, कराडला दुकान टाकलं, लग्न झालं, मुलगी झाली. रोज कुणाचं ना कुणाचं मशीन उघडायचो. तो सेल दिसला की हात थांबायचा. बायकोला वाटायचं मी काटेकोर आहे. अकरा वर्षं अशी गेली. मग एकदा जगूमामा दुकानात आले, मोबाइल दुरुस्तीला. बोलता बोलता म्हणाले, केंजळेबाई फलटणला भावाकडं असतात, बिचाऱ्यांना विसर पडतो ना, घराबाहेर पडत नाहीत. मला त्या रात्री झोप लागली नाही आणि पुढच्या रविवारी मी फलटणची एसटी धरली.

बाईंनी मला दारातच ओळखलं. नावानं हाक मारली, मी कराडला असतो म्हटल्यावर कराडची हवा मानवली वाटतं म्हणाल्या. भावजय चहा घेऊन आली आणि माझ्यासमोरच सांगायला लागली की ताईंना आम्ही एकटं सोडत नाही. गॅसला हात लावू देत नाही, किल्ल्या माझ्याकडे असतात, औषधाच्या गोळ्या मीच देते. तसं अजून काही झालेलं नाही, पण त्यांना स्वतःलाच भरवसा नाही, आपणच म्हणतात मला सोडू नका. बाई खुर्चीत हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. भावजय बोलताना मुलाच्या मुंजीचं साल चुकली, ते त्यांनी हळूच दुरुस्त केलं आणि लगेच म्हणाल्या, का तुझंच बरोबर असेल.

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. सेल, मेन स्विच, मामांचं एफ-वन, माझी फाइल, सगळं. बाईंनी दोनदा समजून घेतलं. सेल संपला तर घड्याळ कसं जातं ते तिसऱ्यांदा विचारलं.

"म्हणजे मी बरोबर टाकत होते?"

"दर वेळी, बाई."

"पहिल्या सोमवारीही?"

"पहिल्या सोमवारीही."

त्या रडायला लागल्या. भावजय घाबरून उठली, पण बाई रडता रडता हसत होत्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि मला विचारलं की हे तुला कधी कळलं.

मी सगळं सांगायलाच गेलो होतो. आईची शप्पथ, तेवढ्यासाठीच गेलो होतो. पण त्यांचा चेहरा असा उजळला होता, आणि माझी जीभ आपोआप वळली.

"तुम्ही गेल्यावर वर्षभरानं. मशीन भंगारात काढताना उघडलं, तेव्हा. तुमचा पत्ता नव्हता माझ्याकडे."

"मग तुझा काय दोष त्यात," बाई म्हणाल्या. त्यांनी ते सगळं मला भावजयीला पुन्हा सांगायला लावलं. तासाभरानं भाऊ आला, त्याला पुन्हा. तिसऱ्या वेळेला मी ते भंगार, तो गंजलेला डबा, सगळं इतकं रंगवून सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. भावानं माझा हात दोन्ही हातांत धरला. आजकाल स्वतःची चूक कबूल करायला एवढ्या लांब कोण येतं, म्हणाला. मला आग्रहानं जेवायला बसवलं आणि मी जेवलो.

निघताना बाई म्हणाल्या, मी याला स्टँडवर सोडून येते. भावजय चप्पल घालायला लागली, तर तिला थांबवलं. एकटी येईन परत, म्हणाल्या. आम्ही चालत स्टँडवर आलो. कराडची गाडी लागली होती. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "अमर, अर्ज द्यायला निघाले त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, देऊ का थांबू. आठवतंय?"

"आठवतंय, बाई."

"तुला तेव्हा ठाऊक असतं तर तू मला थांबवलं असतंस ना?"

त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत संशय होता का, ते मला आजही सांगता येत नाही.

"थांबवलं असतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, माझ्या दंडावर थोपटलं आणि गर्दीतून वाट काढत एकट्या घराकडे निघाल्या.